चार संच, एकच खोड: फोर्समार्क १ मधल्या बावीस मिनिटांचं प्रकरण

२५ जुलै २००६. दुपारी एक वाजून वीस मिनिटांच्या सुमारास स्वीडनमधल्या फोर्समार्क अणुवीज केंद्राबाहेरच्या ४०० केव्ही (किलोव्होल्ट) स्विचयार्डात, म्हणजे लाइन जोडण्या-तोडण्याच्या आवारात, मेंटेनन्सचं काम चालू होतं. काम ग्रिड सांभाळणाऱ्या ‘स्वेन्स्का क्राफ्टनेट’चं होतं, केंद्राचं नव्हे. त्या कामात एक आयसोलेटर, म्हणजे लाइन वेगळी करणारा स्विच, लोडवर (वीज वाहत) असतानाच उघडला गेला. आयसोलेटर म्हणजे ब्रेकर नव्हे; वाहता करंट तोडणं हे त्याचं कामच नाही. आर्क (विजेची ठिणगी) पेटला, तीन फेजपैकी, म्हणजे वीज नेणाऱ्या तीन तारांपैकी, दोन एकमेकांना भिडले आणि जवळपास हजार मेगावॉट वीज देणारं युनिट १ क्षणात ग्रिडपासून सुटलं.

इथपर्यंत घाबरण्यासारखं काही नाही. ग्रिड कधी ना कधी जाणारच, हे धरूनच अणुवीज केंद्र बांधतात. पुढची बावीस मिनिटं मात्र कुणी धरलेली नव्हती. अणुभट्टीचं नुकसान झालं नाही, किरणोत्सार बाहेर पडला नाही, कुणी जखमी झालं नाही. तरीही स्वीडनच्या तेव्हाच्या नियामक संस्थेने, म्हणजे ‘एसकेआय’ने, अणुघटनांच्या शून्य ते सात अशा आंतरराष्ट्रीय मापपट्टीवर ही घटना दुसऱ्या पातळीची ठरवली. बॅकअप वीज या विषयात ज्याला गम्य आहे, त्याने हे प्रकरण बारकाईने वाचावं असं मला वाटतं. इथे कोणतंही यंत्र जुनाट होऊन किंवा गंजून बंद पडलं नाही. जे बंद पडलं, ते त्याला दिलेल्या सेटिंगप्रमाणे बरोबर वागूनच बंद पडलं.

घरची वीज कुठून येते

फोर्समार्क हे स्टॉकहोमच्या उत्तरेला बाल्टिक समुद्राच्या काठावरचं तीन युनिटांचं केंद्र. तिन्ही भट्ट्या उकळत्या पाण्याच्या प्रकारातल्या, आसिया-आटोम या स्वीडिश कंपनीच्या. (चेर्नोबिलची खबर सोव्हिएत संघाबाहेर सगळ्यांत आधी लागली ती इथेच. एप्रिल १९८६ मध्ये एका कर्मचाऱ्याच्या बुटांवरच्या किरणोत्सारामुळे इथला अलार्म वाजला होता. थोडक्यात, हे काही ढिसाळ म्हणून बदनाम झालेलं केंद्र नव्हतं.)

भट्टी बंद केली तरी तिची उष्णता लगेच थांबत नाही. साखळी प्रक्रिया थांबल्याच्या क्षणी मूळ औष्णिक शक्तीच्या सहा-सात टक्के उष्णता इंधनात तयार होतच असते. तासाभरात ती दीड टक्क्याच्या आसपास येते. आकडा लहान दिसतो, पण फोर्समार्क १ सारख्या भट्टीत सहा टक्के म्हणजे दीडशेहून जास्त मेगावॉट. ही उष्णता काढून न्यायला पाणी फिरतं ठेवावं लागतं, पाण्याला पंप लागतात आणि पंपांना वीज.

या विजेसाठी फोर्समार्क १ मध्ये ए, बी, सी, डी असे चार स्वतंत्र संच होते. प्रत्येकाचा पंप वेगळा, डिझेल जनरेटर वेगळा, बॅटऱ्या वेगळ्या, यूपीएस वेगळा, खोल्याही वेगळ्या. प्रत्येक संच गरजेच्या निम्मं काम करू शकेल एवढा, म्हणजे चारांपैकी कोणतेही दोन चालले तरी भट्टी थंड राहावी असा हिशेब. साधारण कल्पना अशी की एक संच दुरुस्तीला काढलेला असेल, दुसरा ऐन वेळी दगा देईल, तरी दोन उरतील. कागदावर ही व्यवस्था भक्कम होती, आणि ती त्या काळच्या नियमांना धरूनच होती.

यूपीएसचं काम नेमकं काय, ते इथे सांगायला हवं. बाहेरून एसी वीज येते, रेक्टिफायर तिची डीसी करतो, त्यावर बॅटरी चार्ज होत राहते आणि इन्व्हर्टर त्या डीसीची पुन्हा २२० व्होल्ट एसी करून मोजमापाची उपकरणं, नियंत्रण आणि कंट्रोल रूममधले पडदे यांना देतो. बाहेरची वीज गेली की रेक्टिफायर गप्प बसतो, पण इन्व्हर्टर बॅटरीवर चालूच राहतो. डिझेल सुरू होऊन वीज देऊ लागेपर्यंतचे काही सेकंद केंद्राचे डोळे आणि कान शाबूत ठेवायचे, एवढ्यासाठी हा खटाटोप.

पहिलं मिनिट

शॉर्टसर्किट होताच केंद्राच्या बसवरचं (बस म्हणजे जिथून यंत्रांना वीज वाटली जाते ती मुख्य पट्टी) व्होल्टेज सुमारे तीस टक्क्यांवर कोसळलं. सेकंदाच्या एका अंशात युनिट ग्रिडपासून सुटलं. दरम्यान जनरेटरचा व्होल्टेज रेग्युलेटर पडलेलं व्होल्टेज वर खेचण्यासाठी जोर लावत होता. अचानक पुढचा भारच निघून गेला. मग व्हायचं तेच झालं: व्होल्टेज उसळी मारून सुमारे १२० टक्क्यांवर गेलं आणि जवळपास सेकंदभर तिथेच राहिलं.

ही उसळी ट्रान्सफॉर्मरांतून उतरत उतरत खालच्या बसवर आणि तिथून चारही यूपीएसवर पोहोचली. एवढ्या जास्त व्होल्टेजला स्वतःला वाचवण्यासाठी रेक्टिफायरने ट्रिप होणं, म्हणजे आपोआप बंद पडणं, योग्यच होतं. इन्व्हर्टरने मात्र ट्रिप व्हायला नको होतं, कारण त्याच्या पाठीशी बॅटरी होती आणि बॅटरी ठणठणीत होती. पण रेक्टिफायर आणि इन्व्हर्टर यांच्या संरक्षणाची सेटिंग इतकी जवळजवळ होती की ए आणि बी संचांत दोघेही एकदमच बंद पडले. भरलेल्या बॅटऱ्या जागच्या जागी राहिल्या आणि २२० व्होल्टची बस निपचित झाली. कुंपणानेच शेत खाल्लं.

सी आणि डी संचांतले यूपीएस वाचले. ते काही वेगळ्या बनावटीचे नव्हते आणि त्यांची सेटिंगही वेगळी नव्हती. त्या क्षणीच्या भारातल्या, घटकांतल्या किरकोळ फरकामुळे ते उंबरठ्याच्या अलीकडे राहिले, एवढंच.

ग्रिड सुटल्यावर दोन्ही टर्बाइननी फक्त केंद्रापुरती वीज देत राहायची, अशी अपेक्षा असते. ते जमलं नाही. साधारण अर्ध्या मिनिटात दोन्ही टर्बाइन ट्रिप झाल्या आणि त्यांचा वेग उतरू लागला. वेग उतरला की फ्रिक्वेन्सी उतरते. अशा वेळी कमी फ्रिक्वेन्सीच्या रिलेने (फ्रिक्वेन्सी उतरल्याचं ओळखून हुकूम देणाऱ्या उपकरणाने) जनरेटरचा ब्रेकर उघडावा आणि केंद्राचं घरचं लोड ७० केव्हीच्या दुसऱ्या बाहेरच्या लाइनवर जावं, अशी योजना होती. ती लाइन पूर्ण वेळ शाबूत होती. रिलेने ब्रेकर उघडला नाही. (का, ते पुढे येतंय.) त्यामुळे मरगळत चाललेल्या जनरेटरला केंद्र चिकटून राहिलं. अखेर सुरक्षेच्या ५०० व्होल्ट बसनी घसरती फ्रिक्वेन्सी ओळखली, वरच्या बसपासून स्वतःला तोडून घेतलं आणि डिझेलना बोलावलं.

चारही डिझेल सुरू झाली. सी आणि डी आपापल्या बसला जोडली गेली. ए आणि बी फिरत होती, पण जोडली जाईनात.

फिरणारं डिझेल, मेलेली बस

खरी ग्यानबाची मेख इथे आहे. डिझेल जनरेटर बसला जोडण्याआधी नियंत्रण यंत्रणा एक साधी खात्री करते: इंजिन ठरलेल्या वेगाला आलं आहे ना? हा वेग सांगणाऱ्या मापकाला वीज मिळत होती त्याच संचाच्या २२० व्होल्ट एसी बसवरून, म्हणजे यूपीएसवरून. ए आणि बी चे यूपीएस बंद, म्हणून वेगाचा सिग्नल नाही. सिग्नल नाही म्हणजे यंत्रणेच्या लेखी इंजिन अजून वेगाला आलेलंच नाही. म्हणून ब्रेकर लागणार नाही. इंजिन मात्र पूर्ण वेगाने धडधडत होतं.

यूपीएस बंद पडला तरी डिझेल आहे, आणि डिझेल यायला वेळ लागला तरी यूपीएस आहे, असा दुहेरी आधार डिझाइनरच्या मनात होता. प्रत्यक्षात दुसरा आधार पहिल्याच्याच खांद्यावर उभा होता. एखाद्या ड्रॉइंगवर हे दिसत नसेल असं नाही. पण वेगमापकाची वीज एका शीटवर, ब्रेकरचं लॉजिक दुसऱ्यावर आणि यूपीएसची संरक्षण सेटिंग पुरवठादाराच्या मॅन्युअलात. तिन्ही एकत्र ठेवून वाचायचं काम कुणाच्याच टेबलावर नव्हतं.

कंट्रोल रूममध्ये एव्हाना अलार्मांचा गदारोळ होता आणि त्याच वेळी पॅनेलचा मोठा भाग मुका झाला होता. भट्टी आपोआप बंद झाली होती, कंट्रोल रॉड आत गेले होते. पण ए आणि बी वरची माहिती गायब असल्याने सगळे रॉड पूर्ण आत गेले आहेत का, हे ऑपरेटरांना एका नजरेत कळायला मार्ग नव्हता. चारांपैकी दोन चॅनेल मेल्यावर संरक्षण यंत्रणेने तो धोक्याचा इशारा मानला आणि दाब कमी करणारे दोन व्हॉल्व्ह उघडले. वाफ बाहेर पडत राहिली, भट्टीतली पाण्याची पातळी उतरू लागली. सी आणि डी चे दोन पंप पाणी भरत होते. पातळी खाली येऊन इंधनाच्या माथ्यापासून सुमारे दोन मीटर वर थांबली आणि पुन्हा चढू लागली. इंधन एकदाही उघडं पडलं नाही.

ऑपरेटरांनी काय केलं? गोंधळात हात घालायचं टाळलं. आणीबाणीच्या कार्यपद्धतीप्रमाणे एकेक गोष्ट तपासत गेले, जे दिसत होतं त्यावरून न दिसणाऱ्याचा अंदाज बांधला आणि सुमारे बावीस मिनिटांनी ए आणि बी च्या ५०० व्होल्ट बस हाताने वरच्या बसला जोडल्या. ती बस तोवर ७० केव्ही लाइनवरून जिवंत झालेली होती. बस जिवंत होताच पडदे उजळले, उरलेले पंपही हाताशी आले. बावीस मिनिटं जास्त झाली असं कुणाला वाटेल. अर्धं पॅनेल आंधळं असताना चुकीचा ब्रेकर न लावणं हेच मला मोठं काम वाटतं.

नियम पाळले होते का

आता त्या कमी फ्रिक्वेन्सीच्या रिलेकडे येऊ. २००५ च्या वार्षिक शटडाउनमध्ये जुने रिले काढून नवे बसवले गेले. नव्या रिलेंना फेजचा क्रम बरोबर लागतो, आणि जोडणी उलट्या क्रमाने झाली होती. चूक एका वायरिंगची, पण ती वर्षभर कुणाच्या लक्षात आली नाही, कारण बसवल्यानंतरच्या चाचणीत तिला पकडेल असं काही नव्हतं. ‘जुन्याच्या जागी नवं, काम तेच’ अशा बदलाला कागदपत्रं कमी लागतात. तपासणाऱ्याची नजरही सैल पडते. अणुवीज केंद्रांतच नव्हे, कोणत्याही सबस्टेशनात हे दिसेल.

यूपीएसचंही तसंच. अनेक जुन्या केंद्रांत या कामाला मोटर-जनरेटरचे फिरते संच असत. अवजड, गोंगाटी, सतत देखभाल मागणारे. पण व्होल्टेजच्या सेकंदभराच्या उसळीने त्यांचं काही बिघडत नसे, फिरत्या वस्तुमानात ती जिरून जाई. इलेक्ट्रॉनिक यूपीएस कार्यक्षम आहेत, शांत आहेत आणि स्वतःच्या जिवाबद्दल फार हळवे आहेत. घरगुती उपकरणाला हा गुण शोभतो. सुरक्षेच्या उपकरणाला प्रश्न विचारायला हवा की तू स्वतःला वाचवण्यासाठी बंद पडणार की मरेपर्यंत काम करणार?

नियमात ‘एकच बिघाड’ हे गृहीतक मध्यवर्ती असतं. एखादा घटक मोडला तरी सुरक्षेचं काम झालं पाहिजे. चार संच, वेगळ्या खोल्या, मधे आगरोधक भिंती, हे सगळं त्या गृहीतकाला धरून. भिंत आग अडवते, व्होल्टेजला अडवत नाही. चारही संच वर एकाच ग्रिडला आणि जनरेटरला जोडलेले, आणि चारही यूपीएस एकाच मेकचे, एकाच सेटिंगचे. तेव्हा एक धक्का चौघांना एकदमच बसणार होता. नियमित चाचण्यांत डिझेल ठरलेल्या वेळात सुरू होई, जोडलंही जाई, शेरा ‘समाधानकारक’. पण त्या चाचणीच्या वेळी यूपीएस चालू असे. ‘यूपीएस मेलेला असताना डिझेल जोडून दाखवा’ असं चाचणीच्या यादीत नव्हतं, म्हणून ते कधी केलं गेलं नाही.

भारतातल्या वाचकाला इथे नरोरा आठवेल. ३१ मार्च १९९३ च्या पहाटे नरोराच्या पहिल्या युनिटात टर्बाइनची पाती तुटली, हायड्रोजन आणि तेलाने पेट घेतला आणि आग केबलवाटे पसरली. वेगवेगळ्या वीजपुरवठ्यांच्या केबली जवळजवळून, पुरेशा आगरोधाशिवाय गेलेल्या होत्या. डिझेल जागेवर होती, पण त्यांची वीज पोहोचवणारी वाट जळाली. युनिट सुमारे सतरा तास विजेविना होतं. डिझेल इंजिनावर चालणाऱ्या अग्निशमन पंपांनी बाष्पजनित्रात पाणी सोडून कर्मचाऱ्यांनी उष्णता काढली. ती घटना तिसऱ्या पातळीची. तिथे आग, इथे व्होल्टेज, कारणं निराळी. दोन्हीकडे ‘स्वतंत्र’ म्हणवणारे पुरवठे एका ठिकाणी एकत्र बांधलेले होते.

वाद आणि दुरुस्ती

घटनेनंतर स्वीडनमध्ये वाद पेटला. केंद्राच्या उभारणीशी पूर्वी संबंध असलेल्या एका माजी अधिकाऱ्याने, आपण इंधन वितळण्याच्या अगदी जवळ जाऊन आलो, असं जाहीरपणे सांगितलं. एसकेआयने ते मानलं नाही: दोन संच पुरेसे होते, ते चालले, आणि ७० केव्हीची लाइन होतीच. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. दोन संच पुरेसे होते हे निर्विवाद. पण ते दोन चालले ते डिझाइनमुळे, असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही. ज्या धक्क्याने ए आणि बी गेले तोच सी आणि डी ला बसला होता. चारही गेले असते तर ७० केव्ही लाइन बाहेर जिवंत असूनही ती जोडण्याचं काम आंधळ्या कंट्रोल रूमला, उतरत्या पाणीपातळीशी स्पर्धा करत करावं लागलं असतं. ते जमलंच नसतं असंही म्हणता येत नाही.

तांत्रिक दुरुस्त्या तुलनेने सोप्या होत्या. रेक्टिफायर आधी आणि इन्व्हर्टर नंतर अशी सेटिंगची फारकत केली गेली. डिझेलच्या जोडणीचं यूपीएसवरचं एकमेव अवलंबित्व काढलं. रिलेच्या जोडणीतला फेजचा क्रम सुधारला. फोर्समार्क २ आणि ओस्कार्सहाम्नमधली दोन युनिटंही तशाच शंकेपोटी थांबवली गेली. देशात तेव्हा दहाच भट्ट्या होत्या, म्हणजे चार एकदम बंद. फोर्समार्कच्या दोन्ही युनिटांना सप्टेंबरअखेर परवानगी मिळाली.

माणसांची दुरुस्ती अवघड गेली. कंपनीतल्याच काही जणांनी लिहिलेला एक अंतर्गत अहवाल २००७ च्या सुरुवातीला बाहेर फुटला. सुरक्षेची शिस्त काही वर्षं घसरत चालली आहे, उत्पादनाला झुकतं माप मिळतं आहे, असा त्याचा सूर होता. त्याच सुमारास युनिट १ च्या भट्टीभोवतीच्या संरक्षक आवरणातल्या रबरी सीलची अवस्था बिघडल्याचं उघड झालं आणि केंद्राच्या प्रमुखांना जावं लागलं. २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचं पथक तपासणीसाठी बोलावलं गेलं. सील आणि यूपीएसचा एकमेकांशी विजेचा काही संबंध नाही, पण दोन्ही गोष्टी एकाच रजिस्टरच्या पानांवर ‘ठीक’ म्हणून पुढे सरकत राहिलेल्या होत्या.

पुन्हा फोर्समार्क, पण वेगळा बिघाड

इथे प्रकरण संपायला हरकत नव्हती. पण ३० जानेवारी २०१२ ला अमेरिकेत इलिनॉयमधल्या बायरन केंद्राच्या युनिट २ मध्ये स्विचयार्डातला एक इन्सुलेटर तुटला आणि तीनपैकी एक फेज खुला झाला, म्हणजे तुटला. व्होल्टेज कमी झाल्याची खूण द्यायला दोन रिलेंनी एकमताने ओरडावं लागे; खुल्या फेजमुळे त्यांतला एकच ओरडला. म्हणून यंत्रणेच्या मते वीज होती, डिझेलची गरज नव्हती. मोटारी मात्र असमतोल विजेवर तापून ट्रिप होत होत्या. सुमारे आठ मिनिटांनी ऑपरेटरांनी हाताने ब्रेकर उघडले तेव्हा कुठे डिझेलनी भार घेतला. अमेरिकी नियामक आयोगाने त्याच वर्षी जुलैमध्ये देशभरच्या केंद्रांना परिपत्रक काढून विचारलं: तुमच्याकडे खुला फेज ओळखता येतो का?

३० मे २०१३ ला फोर्समार्कच्या युनिट ३ मध्ये वार्षिक शटडाउन चालू असताना रिलेची चाचणी सुरू होती. ४०० केव्ही ब्रेकरला उघडण्याचा हुकूम गेला. ब्रेकरच्या तीन पोलांपैकी (प्रत्येक फेजला एक) दोन उघडले, तिसरा अडकला. तीन फेजपैकी एकच उरला. सुरक्षेच्या बसना हे बिघाड म्हणून कळलंच नाही, डिझेल सुरू झाली नाहीत आणि चालू पंप एकेक करून आपल्याच संरक्षणावर बंद पडत गेले. उरलेली उष्णता काढण्याचं काम थांबलं. शटडाउनमुळे उष्णता कमी होती आणि हाताशी वेळ होता. काही मिनिटांनी कंट्रोल रूमने निदान केलं, बस हाताने ग्रिडपासून तोडल्या, मग डिझेल आली.

२००६ मध्ये व्होल्टेज जास्त झालं आणि यंत्रणा नको तिथे बंद पडली. २०१३ मध्ये दोन फेज गेले आणि यंत्रणा हवी तिथे हललीच नाही. बायरनचा अहवाल तोवर वर्षभर जगभर फिरलेला होता.